कोळशाने धुतलेलं सीरम: एचएल-६०साठी पैसे वसूल होतात का?

एचएल-६० पेशी (माणसाच्या रक्ताच्या कर्करोगातून, म्हणजे ल्युकेमियातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी) पक्व करण्याचे प्रयोग असतील तर पेशी वाढवायला लागणाऱ्या गर्भवासराच्या सीरमची (रक्तातल्या द्रवाची) किंमत नंतर पाहा, त्यातून काय काढलंय ते आधी वाचा. साध्या सीरममध्ये रेटिनॉल, ड जीवनसत्त्व, स्टेरॉइड थोडेथोडे असतातच, आणि याच कुळातले रेणू या पेशींना पक्व व्हायला लावतात. औषध न घातलेल्या कंट्रोलमध्येही सीडी११बी (पेशी पक्व झाल्याची पृष्ठभागावरची खूण) चढलेलं दिसलं, तर पहिला संशय सीरमवर घ्यावा.

कोळसा-डेक्स्ट्रानने धुतलेल्या सीरममधून हे मेदात विरघळणारे रेणू बरेचसे जातात. प्रथिनं मात्र राहतात, हे विक्रेते ठळक सांगत नाहीत. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) टोचलेल्या उंदरांच्या सीरममध्ये ल्युकेमियाच्या पेशी पक्व करण्याची ताकद मेलबर्नमध्ये संशोधक डोनाल्ड मेटकाफ यांना दिसली होती. त्याच वाटेने १९८३ मध्ये जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारा सायटोकाइन, म्हणजे पेशींना संदेश देणारा रेणू) शुद्ध झाला. तो प्रथिन आहे, म्हणजे कोळशाने धुऊन जात नाही. तेव्हा सायटोकाइनच्या प्रयोगासाठी हे महागडं सीरम घेऊन फारसं हाती लागत नाही. ट्रान्स रेटिनोइक आम्ल (१ मायक्रोमोलर) किंवा सक्रिय ड३ (१०० नॅनोमोलर) वापरणार असाल तर जरूर घ्या.

तोटा म्हणजे वाढ मंदावते. म्हणून रोजचं कल्चर साध्या सीरमवर ठेवा, प्रयोगापुरतं हे वापरा. पेशी मिलीलिटरला सुमारे २ लाखांवर सुरू करा आणि १० लाखांच्या पुढे जाऊ देऊ नका. खूप पॅसेज झालेल्या (पुनःपुन्हा नव्या भांड्यात वाढवलेल्या) पेशी पक्व होईनाशा होतात. तो दोष सीरमचा नाही. रेटिनोइक आम्ल अल्ब्युमिनला चिकटतं, त्यामुळे एका प्लेटला ५ टक्के आणि दुसरीला १० टक्के सीरम दिलं तर तुलनाच फसते. शिवाय ते उजेडात खराब होतं, नळी फॉइलमध्ये गुंडाळा.

५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याने कॉम्प्लिमेंट (पेशींना इजा करू शकणारा सीरममधला प्रथिनांचा गट) निष्क्रिय होतो, रेटिनॉल जात नाही. जास्त तापवलं तर गाळ वाढतो. रात्रभर ४ अंशांवर वितळवा, हलक्या हाताने फिरवा, ५० मिलीचे भाग करून गोठवा. तळाशी दिसणारे धागे बहुधा फायब्रिनचे असतात. गाळायला गेलात तर फिल्टर तुंबेल.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा लॉटनुसार (एका वेळी बनलेल्या साठ्यानुसार) होणाऱ्या फरकामुळे कापला: तीन लॉटचे नमुने मागवा, औषधाविना आणि १.३ टक्के डीएमएसओसह (हे द्रावकही या पेशींना पक्व करतं) पाच दिवस ठेवून एनबीटी चाचणी (पक्व पेशी निळ्या दिसतात) लावा, जमलेला लॉट वर्षभरासाठी राखून ठेवायला सांगा.