मार्केटिंगचा एमबीए : शुल्क, कर्जाचा हप्ता आणि हाती येणारा पगार

पुण्यातील एका खासगी संस्थेतून मार्केटिंगमध्ये दोन वर्षांचा एमबीए केल्यानंतर, प्रवेशाच्या विचारात असलेल्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. अध्यापनाबद्दल माझी तक्रार नाही. किराणा दुकानांत फिरून वितरकाचे मार्जिन आणि उधारीची मुदत समजून घेण्याचा प्रकल्प तर आजही नोकरीत रोज उपयोगी पडतो.

पैशांचा हिशेब मात्र निराळा आहे. १० लाखांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने ७ वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसतो, म्हणजे जवळपास ४ लाख रुपये केवळ व्याजापोटी जातात. शिक्षणकाळात साठलेले व्याज आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार त्यात धरलेलाच नाही. शिवाय माहितीपत्रकात छापलेल्या पॅकेजमध्ये विक्रीचे लक्ष्य गाठल्यावरच मिळणारा इन्सेंटिव्ह आणि भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटाही मिळवलेला असू शकतो, त्यामुळे दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम बरीच कमी भरते.

म्हणून सर्वोच्च पॅकेजच्या फलकावर विसंबू नये. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीला, संस्थेने कळवलेला मध्यक पगार (निम्म्या विद्यार्थ्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळतो तो) पाहावा आणि माजी विद्यार्थ्यांना हातात किती पडते, ते स्पष्ट विचारावे. सीईटीत उत्तम गुण असतील, तर मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारखा तुलनेने कमी शुल्काचा पर्याय आधी तपासावा. ज्यांना विक्रीची नोकरी आधीच मिळालेली आहे, त्यांनी एवढे कर्ज काढून ती सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.