संध्याकाळच्या वर्गासाठी मूडल: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

संध्याकाळी साडेसहाच्या वर्गात बसणारा विद्यार्थी दिवसभर काम करून आलेला असतो. कुणी दुकानात हिशेब लिहितो, कुणी पतसंस्थेत लिपिक असतं, कुणाचं शिक्षण लग्नानंतर सुटलेलं असतं. हजेरी सलग राहत नाही. पाळी बदलली, घरात आजारपण आलं, मार्चअखेर जवळ आली, की माणूस दोन-तीन आठवडे दिसत नाही. अशा वर्गाला पुस्तपालन शिकवण्यासाठी मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण शैक्षणिक वर्ष वापरलं. त्यातला चाचणीचा भाग फार चांगला आहे, चर्चेचा भाग या वर्गाच्या कामाचा नाही, आणि सुरुवातीची मांडणी नीट केली नाही तर पहिल्याच आठवड्यात लोक पाठ फिरवतात.

मूडल मोफत आणि मुक्तस्रोत आहे. मार्टिन डुगियामास यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आणली. महाविद्यालयाचा सर्व्हर असेल तर पैसे लागत नाहीत, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. त्याच्याकडून दोन गोष्टी आधीच करून घ्याव्यात. एक, क्रॉन (ठरलेली कामं आपोआप करणारी सर्व्हरवरची यंत्रणा) दर मिनिटाला चालतंय याची खात्री. ते बंद असेल तर बऱ्याचशा सूचना आणि ईमेल बाहेर जातच नाहीत. दुसरी, फाइल चढवण्याची मर्यादा वाढवणं. पीएचपीची (मूडल ज्या संगणकभाषेत लिहिलं आहे तिची) मूळ मर्यादा २ एमबी असते आणि वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो सहज ४-५ एमबीचा होतो. विद्यार्थी रोजकीर्दीचं पान पाठवायला जातो, फाइल नाकारली जाते, आणि आपल्याला हे जमत नाही अशी त्याची समजूत होते.

खरी अडचण खाती उघडताना येते. मूडल मूळ मांडणीत एका ईमेलवर एकच खातं देतं. या वयोगटात नवरा-बायकोचा किंवा आई-मुलाचा ईमेल एकच असणं, किंवा सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला ईमेल कधी उघडलेलाच नसणं, अगदी सर्रास आढळतं. पासवर्डाचा मूळ नियमही कडक आहे: किमान आठ अक्षरं, त्यात एक मोठं अक्षर, एक लहान, एक अंक आणि एक चिन्ह. असा पासवर्ड मोबाइलवर टाइप करताना लोक अडतात, विसरतात, आणि बदलून मिळण्याचा दुवा त्या न उघडलेल्या ईमेलवर जातो. उपाय सोपा आहे. प्रशासकाकडून पासवर्डाचा नियम सैल करून घ्यावा, वापरकर्त्यांची सीएसव्ही यादी (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर फाइल) महाविद्यालयानेच चढवावी, वापरकर्तानाव म्हणून हजेरीपटावरचा क्रमांक द्यावा (इंग्रजी अक्षरं असतील तर ती लहान लिपीतच लागतात) आणि पहिला तास फक्त आत शिरण्यासाठी ठेवावा. प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवर, वर्गात बसून, एक प्रश्न सोडवूनच घरी जायचं. हा तास वाचवायला जाऊ नये.

आता चाचणीबद्दल. प्रौढ विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाहीत. शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी प्रौढशिक्षणाच्या मांडणीत अनुभवाला मध्यवर्ती स्थान दिलं ते याच कारणाने. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला भाडं दिलं की एफ५ दाबायचं आणि रोकड बँकेत भरली की एफ४, हे हाताला ठाऊक असतं. कोणतं खातं नावे (डेबिट) आणि कोणतं जमा (क्रेडिट), का, हे माहीत नसतं. त्याला नियमांपासून शिकवायला घेतलं तर तो कंटाळतो. एफ४ पासून सुरुवात केली तर रोख आणि बँक ही दोन्ही आपलीच खाती आहेत, पैसा एकीकडून दुसरीकडे गेला आहे, हे तोच सांगतो.

पण हाच अनुभव कधी आडही येतो. आयुष्यभर पासबुकात स्वतःची शिल्लक ‘जमा’ बाजूला पाहिलेल्या माणसाला, तीच शिल्लक स्वतःच्या रोख पुस्तकात ‘नावे’ का, हे पचत नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे आणि बँकेच्या दृष्टीने आपण तिचे धनको आहोत, हे फळ्यावर सांगून सगळे माना डोलावतात आणि उत्तरपत्रिकेत पुन्हा तीच चूक करतात. इथे मूडलची चाचणी उपयोगी पडते, कारण प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो.

एक प्रश्न पाहू. रोख पुस्तकानुसार बँक शिल्लक ४२,००० नावे. दिलेला पण अजून न वटलेला धनादेश ६,५००. बँकेने कापलेलं शुल्क, जीएसटीसह, ३५४. रोख पुस्तकात त्याची नोंद नाही. पासबुकानुसार शिल्लक किती? बरोबर उत्तर ४८,१४६ जमा. चुकीचे पर्याय वाटेल ते आकडे घेऊन करायचे नाहीत. प्रत्येकामागे एक खरी चूक हवी. ३५,१४६ येतं ते धनादेश पुन्हा वजा केल्यामुळे. त्याचा अभिप्राय: ‘धनादेश दिला त्या दिवशीच तुम्ही तो रोख पुस्तकात लिहिला. बँकेने अजून पैसे दिलेले नाहीत. मग तिच्याकडे जास्त दिसतील की कमी?’ ४८,८५४ येतं ते शुल्क मिळवल्यामुळे. ३५,८५४ म्हणजे दोन्ही चिन्हं उलटी. आणि ४८,१४६ नावे म्हणजे आकडेमोड अचूक, बाजू चुकली. त्याला विचारायचं, ‘पासबुक कोणाच्या वहीची नक्कल आहे?’ असा एक प्रश्न लिहायला अर्धा तास लागतो. तो सार्थकी लागतो, कारण रात्री अकराला घरी बसलेल्या विद्यार्थ्याला नेमकं त्याच्याच चुकीवर बोट ठेवून दाखवायला दुसरं कुणी नसतं.

मांडणी अशी ठेवावी. प्रश्नांचं वर्तन ‘अनेक प्रयत्नांसह परस्परसंवादी’ निवडायचं. इथे बहुतेक जण एका ठिकाणी फसतात: जितक्या सूचना (चुकल्यावर दिसणारे इशारे), त्याहून एक जास्त प्रयत्न मिळतो. सूचना लिहिलीच नाही तर प्रयत्न एकच, आणि सगळा हेतू बाद. दोन सूचना लिहिल्या की तीन प्रयत्न. प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला मुळात ३३.३३ टक्के दंड असतो. सरावासाठी तो १० टक्क्यांवर आणावा. पडताळणीच्या पर्यायांत ‘प्रयत्न सुरू असताना’ या रकान्यात विशिष्ट अभिप्रायावर खूण हवी, नाहीतर मेहनतीने लिहिलेला मजकूर दिसतच नाही. वेळेची मर्यादा ठेवू नये. चाचणी कितीही वेळा देता यावी, गुण सर्वोच्च धरावेत, आणि ‘प्रत्येक प्रयत्न आधीच्यावर आधारित’ हा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे मागची उत्तरं समोर येतात आणि चुकलेल्या प्रश्नांवरच बसता येतं. उत्तरं दर मिनिटाला आपोआप जतन होतात. मधेच लोकलमध्ये नेटवर्क गेलं, किंवा मूल रडायला लागलं, तरी काम वाया जात नाही.

एक मर्यादा आधीच सांगितलेली बरी. मूडलच्या मोबाइल ॲपवर चाचणी ऑफलाइन सोडवता येते, पण ती ‘विलंबित अभिप्राय’ (चाचणी जमा केल्यावरच अभिप्राय) या प्रकारचीच, आणि वेळेची मर्यादा नसलेली. म्हणजे नेटवर्क नसताना अभिप्राय हाती लागत नाही. ज्यांच्या गावात रात्री नेटवर्क नसतं त्यांच्यासाठी तीच प्रश्नावली या प्रकारे वेगळी लावावी लागते. काम दुप्पट होत नाही, प्रश्नसंच एकच राहतो.

आठवून उत्तर देण्याचं महत्त्व मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ च्या प्रयोगात दाखवलं: पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. खंड पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही गोष्ट मोलाची आहे. म्हणून प्रत्येक चाचणीत मागच्या प्रकरणांतले तीन-चार प्रश्न यादृच्छिक पद्धतीने मिसळावेत. बँक जुळवणी पत्रक (रोख पुस्तक आणि पासबुक यांतल्या शिल्लकेचा मेळ) चालू असताना घसाऱ्याचा एखादा प्रश्न समोर आला पाहिजे.

मराठीत प्रश्न लिहिताना काळजी घ्यायला हवी. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका चिकटवल्या तर अगम्य अक्षरं उमटतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं आणि डोळ्यांखालून घालावं. गिफ्ट पद्धतीची (मूडलमध्ये प्रश्न एकगठ्ठा चढवण्याची) मजकूर फाइल यूटीएफ-८ या युनिकोड स्वरूपातच जतन करावी, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं. ‘लघुउत्तर’ हा प्रकार देवनागरीसाठी टाळावा असं माझं ठाम मत आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन वेगवेगळ्या कळक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला वेगळा. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न तर आहेच. लेखाकर्म आलेल्या माणसाचे गुण कळफलकामुळे जाणं अन्यायाचं आहे. त्याऐवजी पर्याय निवडण्याची यादी किंवा जोड्या लावा वापरावं. आकडे भरायचे असतील तर ते इंग्रजी अंकांत लिहा, अशी ओळ प्रश्नातच द्यावी.

चर्चापीठ चाललं नाही. तिथल्या नोंदीचा ईमेल मूळ मांडणीत अर्ध्या तासाने जातो, लोक ईमेल पाहत नाहीत, आणि शंका व्हॉट्सॲपवरच येतात. ते तसंच राहू द्यावं. दोन्हीकडे बोलण्याचा आग्रह धरला की कुणीच कुठे बोलत नाही. चाळीस मिनिटांचे व्हिडिओही कुणी पूर्ण पाहत नाही. एक नोंद, एक कारण, सहा-सात मिनिटं, एवढंच ठेवावं.

शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट चाचणीच्या सांख्यिकी अहवालात दडलेली आहे, आणि ती फारसं कुणी उघडत नाही. त्यात प्रत्येक प्रश्नापुढे सुलभता निर्देशांक येतो, म्हणजे त्या प्रश्नाला मिळालेले सरासरी गुण टक्क्यांत. शेजारी भेददर्शक निर्देशांक: एकूण चाचणीत वरचढ असलेल्यांनाच हा प्रश्न जास्त जमला का? अहवाल पहिल्या प्रयत्नांवर काढावा, सर्वोच्च गुणांवर काढला तर सगळंच सोपं दिसतं. भेददर्शक ऋण आला, तर हुशार विद्यार्थी त्या प्रश्नात चुकत आहेत. आधी उत्तरसूची तपासावी, मग वाक्यरचना. पुष्कळदा ‘वसूल झालेला धनादेश’ की ‘भरलेला धनादेश’ अशी संदिग्धता सापडते. सुलभता खालावलेली आणि एकाच चुकीच्या पर्यायावर गर्दी असेल तर दोष शिकवण्याच्या क्रमात असतो. ते प्रकरण पुढच्या सत्रात वेगळ्या टोकाने सुरू करावं. शिक्षकांसाठीच्या उजळणी वर्गांची प्रमाणपत्रं पदोन्नतीसाठी लागतात आणि त्यांतून काही चांगलं मिळतंही. पण आपल्या स्वतःच्या वर्गात कोणती गोष्ट पोचली नाही हे नाव-आकड्यासह दाखवणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. दर सत्राअखेर दोन तास हा अहवाल घेऊन बसणं, सहकाऱ्याला शेजारी बसवून बसणं, हे मी खरं व्यावसायिक प्रशिक्षण मानतो.

गुगल फॉर्म सोपा आहे आणि वीस प्रश्नांची एखादीच चाचणी घ्यायची असेल तर तोच घ्यावा. तिथे सूचना देऊन पुन्हा प्रयत्न करायला लावणं आणि प्रश्नांची वर्गवारी करून साठवणं मूडलसारखं जमत नाही. एकट्या शिक्षकाने, सर्व्हर सांभाळणारा कुणी नसताना, मूडलच्या वाटेला जाऊ नये.

वर्ष संपलं की अभ्यासक्रमाची .एमबीझेड प्रत (मूडलची बॅकअप फाइल) दोनदा काढावी: एक विद्यार्थ्यांच्या नोंदींसह, महाविद्यालयाच्या दप्तरासाठी, दुसरी त्यांच्याशिवाय, नव्या तुकडीसाठी. प्रश्नसंच वेगळा निर्यात करावा आणि ज्या प्रश्नांचा भेददर्शक ऋण आला ते ‘दुरुस्ती’ नावाच्या वेगळ्या वर्गात हलवावेत, म्हणजे जूनमध्ये यादृच्छिक निवडीत ते चुकून उचलले जात नाहीत.