पार्सलची शेवभाजी आणि गार शेनिन ब्लां

नाशकात राहून वाइन प्यायची ती फक्त पाहुण्यांना वायनरी दाखवायला नेतो तेव्हाच, हे मला पटत नाही. शनिवारी स्वयंपाकाला सुट्टी देऊन पार्सल मागवावं आणि सोबत हजाराच्या आत बसणारी इथलीच बाटली उघडावी. माझी पहिली पसंती सुला या इथल्याच वायनरीच्या शेनिन ब्लांला, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला. २००० साली त्यांच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या, तेव्हापासून ती आहे.

आमच्याकडे बहुतेक वेळा खान्देशी शेवभाजी येते. तर्रीची पिशवी वेगळी, शेव वेगळी, कळण्याची भाकरी कागदात. शेव अगदी ताटात वाढतानाच घालायची, नाहीतर लगदा होतो. काळ्या मसाल्याचा पहिला घास घशाशी ठसका देतो, कपाळावर घाम येतो आणि तेवढ्यात या वाइनचा गार घोट. तिच्यात किंचित गोडवा आहे, तो तिखटाची धार कमी करतो. आंबटपणामुळे ओठांवरचा तेलाचा तवंग धुतल्यासारखा जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. पेरू-अननसाचा वास मसाल्यापुढे दबेल असं वाटतं, पण तो छान टिकतो.

भाऊजी पुण्याहून येताना ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी शिराझ ही लाल वाइन घेऊन आले होते. दोन घोटांनंतर म्हणाले, "वहिनी, भाजी आज जास्त तिखट आहे का हो?" भाजी नेहमीचीच होती. लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे तिच्यातलं तुरट द्रव्य, तोंड कोरडं करतं, आणि वर अल्कोहोल मिरचीची आग भडकवतं. तीच शिराझ नंतर सीख कबाबबरोबर घेतली तेव्हा फार सुरेख लागली. मांसातली चरबी आणि मीठ टॅनिनला मऊ करतात. म्हणजे वाइन उत्तमच होती, जोडी चुकली होती.

तंदुरी चिकन मागवलं तर झिनफँडेल रोझे ही गुलाबी वाइन घ्या. करपलेली कड, लिंबू, हिरवी चटणी, सगळ्यांशी तिचं जमतं. शेजवान नूडल्सना पुन्हा शेनिनच. पिठलं-भाकरी आणि ठेचा असेल तर मात्र मी ताकच पिते. तिथे कुठलीच वाइन चांगली लागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते, बाटली कुठे ठेवलीय ते बघून घ्या. एका दुकानातून आणलेली शेनिन घरी येऊन ग्लासात ओतली तर रंग तपकिरीकडे झुकलेला, वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा. उन्हात तापणाऱ्या काचेच्या शोकेसमध्ये ती उभी होती. शेतकरी जानेवारी ते मार्च एवढ्या जिवापाड द्राक्षं तोडून देतात आणि शेवटच्या टप्प्यावर त्यांची ही दशा, याचं मला फार वाईट वाटलं. आता मी आतल्या, सावलीतल्या फळीवरचीच बाटली मागते आणि लेबलवरचं वर्ष बघते. पांढरी असेल तर शक्यतो ताजी.

गार करायला वेळ नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत काम होतं. मे महिन्यात लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. नाशिकच्या उन्हाळ्यात घरात ठेवलेली तशीच ओतली तर नुसता अल्कोहोलच नाकात जातो. शेनिनला फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे उरलेली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये दोन दिवस आरामात राहते.