वाढदिवसाचा खाऊबॉक्स: कुठला बॉक्स टिकतो, कुठला भिजतो

गोव्याच्या दमट हवेत तीन वाजता भरलेला बॉक्स साडेपाचला उघडला की आत काय निघते, त्यावर त्याची किंमत ठरते. पॅटीस चामट, वेफर लुळे, सँडविच ओले आणि केकला केचपचा वास, असे झाले तर दोष रांधणाऱ्याचा क्वचितच असतो. बॉक्स चुकीचा घेतलेला असतो, नाहीतर गरम भरलेला असतो. म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या पॅकिंग सामानाच्या दुकानांत सहज मिळणारे चार प्रकार इथे घेतले आहेत. हिशेब वीस मुलांचा, म्हणजे 24 बॉक्सचा; धाकटी भावंडे आमंत्रणाची वाट बघत नाहीत. बॉक्समागे 80 रुपये धरले तर रिकामा बॉक्स दहाच्या आत बसला पाहिजे, नाहीतर पैसे पुठ्ठ्यातच जातात.

पहिला पसंतीचा: मिठाईवाल्यांचा अर्ध्या किलोचा पुठ्ठ्याचा बॉक्स. सपाट मिळतो, घरी घडी घालावी लागते, दोघांनी बसले तर 24 बॉक्स पंधरा-वीस मिनिटांत उभे राहतात. पुठ्ठा थोडी वाफ शोषून घेतो, म्हणून तळलेल्या पदार्थाला हाच बरा. घेताना एक घडी उलटून आतली बाजू बघावी. करडी असेल तर तो रद्दीच्या लगद्याचा पुठ्ठा, त्याला खाणे थेट लागू देऊ नये. खाली बटर पेपर हवाच. दुकानदाराला ‘आतून पांढरा, छापील नको’ एवढे सांगितले की पुरते. सोनेरी वेलबुट्टीचा बॉक्स साखरपुड्याला शोभतो, सहा वर्षांच्या मुलाच्या हातात नाही. सुटे मागितले तर दर चढतो, तेव्हा 25 चा गठ्ठा घ्यावा. याची एकच खोट: आत खण नाहीत. त्यावर उपाय कपकेकच्या कागदी वाट्या. एका बॉक्सला दोन, म्हणजे 50 चे पाकीट.

वर पारदर्शक खिडकी असलेला बॉक्स फोटोत सुंदर दिसतो. खिडकीच्या फिल्मवर आतून पाणी साचते आणि थेंब बरोबर सँडविचवर पडतात. सगळा खाऊ कोरडा असेल तरच घ्यावा.

उसाच्या चिपाडाचा तीन खणांचा डबा पुलावाला उत्तम, गरम सोसतो. पण कडीची जीभ दोनदा उघडली की तुटते आणि दोनेक तासांत तेलकट रस्सा बुडाला पाझरतो. शिवाय पुलाव म्हटला की चमचा आला. प्लास्टिकचे चमचे, काटे, ग्लास, प्लेटा यांच्यावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवरही. लाकडी चमच्याचा खर्च वेगळा धरावा. चौथा, झाकणाचा पारदर्शक प्लास्टिक डबा, फक्त केकसाठी ठीक. त्यात पॅटीस ठेवले तर ते वाफेतच शिजत राहते.

आत काय घालावे, यात बहुतेकांची चूक प्रमाणाची होते. पाच ते आठ वर्षांचे मूल पार्टीत फार खात नाही. त्याला पळायचे असते. बेकरीचे मोठे पॅटीस अर्धे उरते, आणि कापायला गेले तर पापुद्रे बॉक्सभर. केटररकडे कॉकटेल सामोसे मिळतात, दोन घासांचे. ते डझनाने घ्यावेत. बॉक्समध्ये एक सामोसा किंवा कटलेट, सँडविचचे दोन त्रिकोण, एक गोड. बस्स.

कटलेट घरी केले तर स्वस्त पडते. एक किलो बटाटे, दीडशे ग्रॅम वाफवलेले मटार, एक वाटी पोहे कोरडे भाजून पूड केलेले. यात 40 ग्रॅमची 25-27 कटलेट होतात. बटाटे सालीसकट अख्खे उकडावेत आणि पूर्ण गार झाल्यावर कुस्करावेत. गरम कुस्करले की गोळा चिकट होतो, पोहे वाढवावे लागतात. पाणी राहिले तर कटलेट तेलात फुटते. वरून ब्रेडचा चुरा नको, रवा लावावा. मासळीला लावतो तसाच, बारीक. रव्याचे कवच चुऱ्यापेक्षा जास्त वेळ खरखरीत राहते. आदल्या रात्री वळून फ्रीजमध्ये ठेवता येतात. तळल्यावर जाळीवर किंवा उपड्या चाळणीवर अर्धा तास. ताटात कागदावर ठेवली तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते.

सँडविचला पोदेराचा (गोव्यातल्या पारंपरिक पाववाल्याचा) पाव नको. सकाळी तो अप्रतिम, संध्याकाळपर्यंत वातड. साधा स्लाइस ब्रेड, 400 ग्रॅमचे दोन: कडेच्या स्लाइस सोडून 24 घ्याव्यात, त्यांची 12 सँडविच, प्रत्येकाचे चार त्रिकोण, म्हणजे 48. लोणी 100 ग्रॅम, दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत. लोण्याचा थर चटणीचे पाणी ब्रेडमध्ये शिरू देत नाही. मध्ये ठिपका लावून कडा कोऱ्या ठेवणारे हात याच कामात नापास होतात. चटणीत नारळ घालू नये. गोव्यात हे सांगणे अवघड, पण ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात काही तासांत आंबते. कोथिंबीर, पुदिना, डाळे, लिंबू, मीठ आणि मुलांसाठी अर्धीच मिरची. घट्ट वाटून अर्धी वाटी पुरते. काकडी-टोमॅटो नकोच. त्रिकोण कापले की बॉक्समध्ये जाईपर्यंत ओलसर मलमलखाली झाकून ठेवावेत.

मेयोनीज किंवा चिकनचे सारण मे महिन्यात बॉक्समध्ये बंद करणे म्हणजे धोका विकत घेणे. असे पदार्थ बाहेर दोन तासांवर ठेवू नयेत, पारा 32 अंशांपुढे गेला तर तासाभरावर नाही. आणि कोणाचा सोमवार, कोणाचा श्रावण, कोणाचा कोरेज्मातला (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळातला) शुक्रवार, कोणाला हलालच हवे: चोवीस बॉक्सवर चोवीस खुणा करण्यापेक्षा सगळे शाकाहारी ठेवलेले बरे. बेकरीच्या कपकेकमध्ये अंडे असते, ते मात्र आयांना आधी विचारावे.

गोडाला क्रीमच्या केकचा तुकडा भरू नये. तो प्लेटमध्येच वाढावा. बॉक्समध्ये साधा कपकेक, किंवा बात्काचे, म्हणजे रवा-नारळाच्या गोवन केकचे, चौकोन: कापायला स्वच्छ, क्रीम नाही, एक किलोत 24 तुकडे आरामात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ मात्र जत्रेतले खाजे. बेसनाच्या कांड्या, गुळाचा पाक, आल्याचा झटका. मूठभर छोट्या पिशवीत बंद करावे, उघडे राहिले तर दमटपणात कागदाला चिकटते. काजू आणि शेंगदाणे अख्खे नकोत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकतात. गोल गोळ्याही त्याच कारणाने वगळाव्यात.

वेफर एक किलोच्या पुड्यातून सुटे घातले तर पैसे वाचतात, पण पावसाळ्यात अर्ध्या तासात मऊ. दहा रुपयांची बंद पुडी घ्यावी. ती हवेने फुगलेली असते, बॉक्समध्ये मावत नाही. झाकण जबरदस्तीने लावले की कपकेक चेपतो. पुडी आणि ज्यूसचा टेट्रापॅक बाहेरच्या कागदी पिशवीत ठेवावा. फ्रीजमधून काढलेल्या टेट्रापॅकला पाणी सुटते आणि पुठ्ठ्याचे बूड भिजते, म्हणून तो शेवटी द्यावा. केचपची पुडी सपाट, कटलेटच्या बाजूला. खाली घातली तर कोणीतरी दाबतेच.

पाचची पार्टी असेल तर तीनला तळण, पावणेचारला सँडविच, सव्वाचारला भरणे. झाकणे साडेचारला लावावीत, त्याआधी नाही. बॉक्स तीनपेक्षा जास्त एकावर एक रचू नयेत; तळाचा बसतो.

बेकरी किंवा केटररकडून भरलेले बॉक्स घेणे तीस बॉक्सच्या पुढे परवडते. त्याखाली सामोसे विकत, बाकी घरी हाच मेळ बसतो. ऑर्डर देताना तळण किती वाजता होणार हे विचारावे. उत्तर ‘सकाळीच तयार ठेवतो’ असे आले तर दुसरीकडे बघावे. आकडा आदल्या दिवशी बदलता येतो का, तेही ॲडव्हान्स देण्याआधी ठरवून घ्यावे.