फर्दापूरच्या टपऱ्यांवरचे दगड: जांभळा सोडा, पांढरा उचला

अजिंठा बघायला गेलेला माणूस हटकून एखादा दगड घेऊन घरी येतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. विक्रेत्यांवर राग काढायला हे लिहीत नाहीये. त्यांच्याकडे माल चांगला असतो. आपणच हात घालतो तो नेमका सगळ्यात भडक तुकड्यावर.

मी भुसावळची. ज्युनियर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करते. भूगर्भशास्त्र शिकलेली नाही. आमच्या कपाटात जुन्या खनिज नमुन्यांचा एक लाकडी खोका होता, अर्ध्यांची लेबलं वाळवीने खाल्लेली. ती लेबलं नव्याने लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तेव्हापासून हा नाद लागला. त्यामुळे खालचं मत लेण्यांबद्दल नाही. फर्दापूरच्या टी-जंक्शनला, जिथे गाड्या लावून पुढे लेण्यांपर्यंत बसने जावं लागतं, तिथल्या दगडवाल्यांबद्दल आहे. बाजारातून पार झाल्याशिवाय बस मिळत नाही, म्हणजे तुमची त्यांची गाठ पडणारच.

आधी वाईट माल, कारण तो सगळ्यात पुढे मांडलेला असतो. अंड्याएवढे किंवा नारळाएवढे गोल दगड मधोमध फोडलेले, आत चमचमणारे बारीक स्फटिक, आणि रंग गडद जांभळा, मोरपिशी, गुलाबी. 'ताई, ओरिजनल ॲमेथिस्ट, खाणीतून जसा निघाला तसा.' माझी नणंद पुण्याहून खास हे घ्यायला आली होती, तिच्या तर हातातून सुटेना. दगड खोटा नसतो, तो खराच गारेचा (क्वार्ट्झचा) गोळा असतो. रंग मात्र नंतर चढवलेला असतो. गोळ्याच्या कडेचा अगेटचा, म्हणजे गारेच्याच जातीचा, थर सच्छिद्र असतो, रंगाच्या पाण्यात ठेवला की तो शोषून घेतो. ओळखायचं कसं? खऱ्या ॲमेथिस्टचा, म्हणजे जांभळ्या गारेचा, रंग कधी एकसारखा नसतो. स्फटिकांच्या टोकांकडे गडद आणि बुडाकडे फिका होत जातो, आणि आपल्याकडच्या बेसाल्टमधला, म्हणजे काळ्या लाव्हाखडकातला, तर बरेचदा नुसता जांभूळसर असतो. रंगवलेल्या दगडात रंग भेगांमध्ये साचून बसतो, बाहेरच्या सालीवरही लागलेला दिसतो. पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आणि कापूस असेल तर कडेला हलकेच घासा. आमचा कापूस गुलाबी झाला. विक्रेत्याने एक शब्दही न बोलता तो दगड मागे सरकवला आणि दुसरा काढला. तो हिरवा होता.

दुसरा प्रकार त्याहून चावट. दगडाच्या खडबडीत तुकड्यावर सुटे स्फटिक चिकटवून 'गुच्छ' तयार केलेला असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बुडाशी बघा. डिंकाचा चकचकीत थर, त्यावर भुरभुरलेली माती, असं काही दिसलं की पुढच्या टपरीकडे वळा. स्फटिकाच्या माळांबद्दल फार लिहीत नाही. भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. काच म्हणूनच पन्नास रुपयांत घ्यायची असेल तर घ्या, छान दिसते.

आता मुद्द्याचा माल. तो खालच्या ओळीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला किंवा पत्र्याच्या ट्रंकेत असतो, आणि तुम्ही विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. 'रंगीत नको, पांढरा दाखवा' एवढं म्हणा. म्हटल्यावर विक्रेत्याचा चेहराच बदलतो. आमच्या समोरचे चाचा साठीच्या पुढचे असावेत. 'बसा मग,' म्हणाले आणि स्टूल पुढे केलं.

पहिला निघाला स्टिल्बाइट. फिक्या पीच रंगाचा, मधे आवळून बांधलेल्या ज्वारीच्या पेंढीसारखा दोन्हीकडे फुललेला. त्याच्या सपाट बाजूवर मोत्याची झाक असते. ती फोटोत कधी येत नाही, दगड हातात घेऊन हळूहळू फिरवावा लागतो. हा झिओलाइट कुळातला. या कुळातल्या दगडांच्या आतल्या बारीक पोकळ्यांत पाणी धरलेलं असतं. 1756 मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असाच एक दगड तापवला तेव्हा तो फेसाळला, आणि त्यावरून त्याने हे कूळ वेगळं काढलं. मी आमच्या प्रयोगशाळेत स्टिल्बाइटचा तुटका कपचा परीक्षानळीत घालून तापवला होता. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले. कोरडा ठणठणीत दिसणारा दगड, पण त्यातून पाणी निघालं. मुलांना बाकी काही आठवत नसलं तरी हा प्रयोग आठवतो.

हे सगळं आलं कुठून, हेही तिथेच उभं राहून कळतं. अंदाजे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. मागाहून खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने वाटेतली खनिजं विरघळवून त्या पोकळ्यांत आणून सोडली, आणि तिथे सावकाश स्फटिक वाढले. आज या थरांचा विस्तार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या बहुतेक महाराष्ट्राखाली हेच आहे. अजिंठ्याची लेणी याच बेसाल्टमध्ये कोरलेली. चित्रांवरून नजर निघाली तर उघड्या भिंतीतले पांढरे ठिपके बघा, त्या भरलेल्या पोकळ्याच आहेत. चित्रांतला झळझळीत निळा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा, पण हिरवा जवळपासच्या हिरव्या मातीचा. ट्रंकेतल्या दगडांच्या बुडाशीही पुष्कळदा तशाच हिरवट मातकट रंगाचा पातळ लेप दिसतो. विक्रेते तो घासून काढतात आणि दगड 'स्वच्छ' करतात. काढू देऊ नका. पांढरा स्फटिक त्या हिरव्यावर जितका उठून दिसतो तितका पॉलिश केलेल्या लाकडी स्टँडवर दिसत नाही.

दुसरा अपोफिलाइट. माझ्या मते या बाजारातली सर्वांत चांगली खरेदी हीच. चाचा त्याला 'क्रिस्टल' म्हणतात, पण तिथे सगळ्यालाच क्रिस्टल म्हणतात. हा झिओलाइट नाही, मात्र झिओलाइटांच्या सोबतच सापडतो. गार आणि अपोफिलाइट यांत गल्लत होते म्हणून सांगते: गारेचा स्फटिक सहा बाजूंचा, त्याच्या अंगावरच्या रेघा आडव्या. अपोफिलाइट चौकोनी, रेघा उभ्या, वर चार बाजूंचा मनोरा. मनोऱ्याचं टोक सपाट असेल तर तिथे पुन्हा तीच मोत्याची झाक. पोलादी चाकूच्या टोकाने याच्यावर चरा उठतो, गारेवर उठत नाही. विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर हा प्रयोग करू नका, ओरडा बसेल. यातला हिरवा अपोफिलाइट व्हॅनेडियम या धातूमुळे हिरवा होतो. तो पुण्याच्या आणि जळगावच्या खाणींत निघालाय आणि चांगला नग टपरीवर सहसा मिळत नाही. इथे कोणी दोनशे रुपयांत गर्द हिरवा देऊ लागला तर पुन्हा कापूस काढा.

निळ्याचंही तेच. 'वाघोलीवाला' म्हणून एकाने गडद निळा तुकडा पुढे केला. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतला कॅव्हान्साइट जगभर नावाजलेला आहे. त्यात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट असतं, आणि पांढऱ्या स्टिल्बाइटवर त्याचे छोटे, काट्याकाट्यांचे निळे गोळे बसलेले असतात. पुढे केलेला तुकडा आरपार एकसारखा निळा होता. तो कॅव्हान्साइट नव्हता एवढं सांगायला भिंगही लागलं नाही.

तिसरा निघाला ओकेनाइट, आणि तिथे नणंदबाई जांभळं सगळं विसरल्या. काळसर पोकळीच्या आत पांढऱ्याशुभ्र, मऊ दिसणाऱ्या तंतूंचे गोळे, वाटाण्याएवढे. हा दगड आहे हे पटायला वेळ लागतो. बोट लावायचा मोह होतो, तो आवरा. तंतू एकदा दबले की दबले, पुन्हा उभे राहत नाहीत. टपरीवरचे निम्मे ओकेनाइट याच कारणाने वाया गेलेले असतात, कारण येणारा प्रत्येकजण बोट लावून बघतो. ज्यातला निदान एक गोळा तरी अस्पर्श आहे असाच नग घ्या. नळाखाली अजिबात धरू नका. धूळ बसली तर फुंकर मारा, तीही हळू.

स्कोलेसाइटच्या सुयांचा पंखाही होता, पण कडा तुटलेल्या होत्या. कॅल्साइटही पुष्कळ होतं. मधासारख्या रंगाचं, दिसायला ऐटबाज. ते मऊ असतं आणि ॲसिड, लिंबू, व्हिनेगर यांतल्या कशानेही फसफसतं. घरी आणून लिंबाने चमकवायला गेलात तर त्याचं पाणी उतरेल.

भाव. रंगवलेल्या गोळ्याला पहिला आकडा पंधराशेचा आला आणि आम्ही चालू लागलो तसा तीनशेवर उतरला. पांढऱ्याचं गणित उलटं. मुठीएवढा स्टिल्बाइट चाचांनी चारशे सांगितला, अडीचशेला दिला, त्याखाली जायला तयार नाहीत. तळहातावर मावणारा अपोफिलाइट, एक टोक शाबूत, पाचशेला पडला. ओकेनाइट सातशे. तो मला महाग वाटला, तरीही घेतला. दोन-तीन नग एकत्र घेतले तर घासाघीस बरी चालते. सकाळी पहिल्या बसच्या सुमाराला गेलात तर 'बोहनी आहे ताई' म्हणून भाव थोडा लवकर खाली येतो.

चाचांना दगडांची शास्त्रीय नावं माहीत नाहीत, पण नजर पक्की आहे. दोन स्टिल्बाइट उजेडात धरून त्यांनी लगेच सांगितलं की हा विहिरीतला आणि तो खाणीतला. विहीर खणताना दगड हाताने सुटतो, टोकं राहतात. खाणीत सुरुंगाने निम्मं आधीच फुटतं आणि उरलेलं खडीच्या क्रशरमध्ये जातं. कोणत्या गावची विहीर, असं विचारलं. 'गाव नाही सांगत ताई. उद्या तुम्हीच जाल.' हसले आणि ट्रंक बंद केली. परदेशातल्या संग्रहालयांत 'जळगाव, महाराष्ट्र' अशी चिठ्ठी लावलेले जे झिओलाइट काचेआड ठेवलेले असतात, त्यांचे भाऊबंद इथे स्टुलाखाली पडलेले आहेत आणि त्यांच्या वर रंगवलेले गोळे मिरवत आहेत, याचं मला वाईट वाटतं. पण मागणी जांभळ्याला आहे. दोष द्यायचाच तर आपल्याला द्यायला हवा.

एक कमतरता मात्र खरी: कुठल्याच टपरीवर नाव लिहिलेली चिठ्ठी मिळत नाही. कोणतं खनिज, कुठल्या तालुक्यातलं, काही नाही. ज्याला संग्रह करायचा आहे त्याच्यासाठी हे मोठं नुकसान आहे, कारण ठिकाण माहीत नसलेला नमुना अर्धाच. मी विकत घेतानाच विक्रेत्याकडून जेवढं कळलं तेवढं कागदावर लिहून दगडासोबत गुंडाळते. डोळा आधी तयार करायचा असेल तर सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं 'गारगोटी' संग्रहालय बघून मग इथे या. पहिल्या प्रतीचा स्टिल्बाइट एकदा बघितला की टपरीवर निवड झटपट होते.

आता बांधणं. विक्रेते वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत टाकतात. ते कठीण गारेला चालतं, या दगडांना नाही. घरून एक पोळ्यांचा रिकामा स्टीलचा डबा आणि टॉयलेट पेपरचा रोल न्या. अपोफिलाइटचं टोक वर येईल असं बसवा. ओकेनाइटवर काहीही ठेवू नका, पोकळी वरच्या बाजूला ठेवून दगड फक्त चहूबाजूंनी अडवा. बोहनीचा भाव सोडावा लागला तरी लेणी पाहून परतताना खरेदी करा, नाहीतर डबा घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.