लाकडी पाटीवर व्हिनाइलची अक्षरं: चिकटवायची, की साचा करून रंगवायची?

घराच्या नावाची पाटी लाकडाचीच हवी, पण अक्षरं छापल्यासारखी नीट हवीत, असं ठरलं की विषय शेवटी व्हिनाइलवर येतो. दुचाकीवर नावं लावून देणारा रेडियमवाला ज्या रोलमधून अक्षरं कापतो, त्याच जातीची ही वस्तू. वर रंगीत प्लॅस्टिकची पातळ फिल्म, तिच्या पाठीला गोंद आणि खाली सहज सुटणारा गुळगुळीत कागद. मशीनची सुरी फिल्म कापते, कागदाला धक्का लावत नाही. इथून दोन वाटा फुटतात. एकीत अक्षराभोवतीची फिल्म सोलून टाकायची आणि अक्षर लाकडावर चिकटवायचं. दुसरीत अक्षरच सोलून टाकायचं, भोवतालची फिल्म साचा म्हणून लाकडावर बसवायची, मोकळ्या जागेत रंग भरायचा आणि साचा काढून घ्यायचा.

मी दोन्ही पद्धतींनी पाट्या करते. माझं मत आधीच सांगते. पाटी फ्लॅटच्या दारावर, जिन्याच्या आडोशाला राहणार असेल, पॉलिश काचेसारखं गुळगुळीत असेल, किंवा नाव पुढेमागे बदलण्याची शक्यता असेल, तर चिकटवा. पाटीला पाऊस लागणार असेल, वस्तू रोज हाताळली जाणार असेल, किंवा अक्षरातूनही लाकूड जाणवायला हवं असेल, तर रंगवा. मात्र यातली कुठलीही वाट पॉलिशवर मेहनत न घेता साधत नाही.

आधी लाकूड

अक्षरं उचकटली की सगळे गोंदाला दोष देतात. बहुतेक वेळा गोंद लाकडापर्यंत पोचलेलाच नसतो. कच्च्या फळीवर तो चिकटतो बारीक भुशाला, आणि भुसा कशालाच धरून नसतो.

सागाची फळी पॉलिश पेपरने घासून तिरक्या उजेडात धरा. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या फळीवर केसाएवढ्या बारीक चिरा दिसतील. ही सागाची उघडी छिद्रं. चिकटवलेली फिल्म त्यांच्यावरून पुलासारखी जाते, खाली हवा राहते आणि कड तिथूनच सुटायला लागते. साच्याच्या बाबतीत याच चिरा पाण्याच्या पाटासारख्या वागतात. रंग त्यांतून फिल्मखाली पळतो आणि अक्षराला मिशा फुटतात. म्हणून साग असेल तर 120, 180, 220 असे नंबर चढवत घासायचं, मग सँडिंग सीलरचे (छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोनतीन हात द्यायचे, आणि प्रत्येक हातानंतर 320च्या पेपरने हलकं फिरवायचं. पेपर बोटांनी धरू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. पाइनमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्याच्या मऊ आणि कडक रेषा आलटून पालटून असतात. बोटांनी घासलं की मऊ भाग जास्त झिजतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात.

सागाचं आणखी एक. त्याच्या अंगात तेल असतं. त्याच गुणामुळे तो टिकतो, पण त्याच गुणामुळे वरचं पॉलिश नीट धरत नाही. सीलरआधी थिनरच्या फडक्याने पुसा आणि थिनर पूर्ण उडू द्या. पाइनच्या गाठींतून राळ येते, तिथे चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात आधी मारलेला बरा.

तेलाचं किंवा मेणाचं पॉलिश असेल तर चिकटवण्याचा विचार सोडून द्या. मेणावर गोंद बसत नाही. त्यावर पाण्याचा रंगही बसत नाही, पण साच्याच्या वाटेत एक सोय आहे: घासलेल्या कच्च्या लाकडावर आधी रंगवून घ्या आणि रंग पक्का झाला की वरून तेल फिरवा. चिकटवण्यासाठी मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा लॅकर यांसारखं कडक थर धरणारं पॉलिशच हवं, आणि ते नुसतं हाताला कोरडं लागणं पुरत नाही. आत अडकलेला थिनर पुढे कितीतरी दिवस बाहेर पडत असतो आणि वर फिल्म असेल तर फुगे धरतो. मी उन्हाळ्यात आठवडाभर थांबते, पावसाळ्यात त्याहून जास्त. फळीची मागची बाजू आणि चारही कडाही सील करा. समोरूनच पॉलिश केलेली फळी पावसाळ्यात मागून ओल पिते आणि वाकते, मग अक्षर कसंही लावलेलं असो.

मंद रूप आणि पकड एकत्र मिळत नाहीत

चिकटवणाऱ्यांची खरी अडचण इथे आहे. हौशी लोकांत खूप वापरल्या जाणाऱ्या दोन फिल्म म्हणजे ओराकल कंपनीच्या 651 आणि 631. 651 ची जाडी 63 मायक्रॉन, गोंद कायमचा. 631 ची जाडी 80 मायक्रॉन, गोंद पुन्हा सुटणारा, भिंतीवरच्या चित्रांसाठी केलेला. आता गंमत अशी की 651 बहुतेक रंगांत चकचकीत मिळते आणि 631 मंद. लाकडावर देखणी दिसते ती मंद. चकचकीत काळं अक्षर सागावर लावलं की उजेड त्यावर वेगळा चमकतो आणि ‘स्टिकर लावलाय’ हे चार पावलांवरून कळतं. पण जी देखणी, तिची पकड कमी.

यावर माझा तोडगा: घरातल्या, हात न लागणाऱ्या पाटीला 631, दाराबाहेरच्या पाटीला 651, आणि 651 लावायची तर पॉलिशही चकचकीत ठेवायचं, म्हणजे दोन्हींची चमक जुळते. अक्षरांवरून पॉलिशचा हात मारून ती कायमची बसवायचा मोह होतो. थिनरवाल्या पॉलिशने फिल्म सुरकुतू शकते. मारायचाच तर पाण्याचा पीयू, तोही पातळ. मी शक्यतो मारत नाही, कारण मग अक्षर बदलता येण्याची सोयच जाते.

साच्यासाठी 631 चालते. त्याहून बरी ओरामास्क 813, खास साच्यासाठीच केलेली. अर्धपारदर्शक असल्यामुळे खालची पेन्सिलची रेघ दिसते आणि पाटी सरळ बसते. 651 चा साचा करू नका. काढताना ती खालचं ताजं पॉलिशही घेऊन येते.

देवनागरीचा हिशेब वेगळा

इंग्रजी नावात सहा अक्षरं म्हणजे सहा सुटे तुकडे. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. ‘वात्सल्य’ हा शब्द नीट जोडून कापला तर एकच सलग तुकडा निघतो, एका दमात उचलला जातो आणि ओळ आपोआप सरळ राहते. चिकटवणाऱ्याला हा फार मोठा फायदा आहे. अट एकच: कापण्याआधी अक्षरं एकमेकांत विरघळवून घ्यायला हवीत. तसं न करता फाइल दिली तर मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषेला जागोजागी उभे काप बसतात. इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये आधी मजकुराचे पाथ (बाह्यरेषांचे आकार) करून मग युनियन (आकारांची जोडणी) करा. कटिंग मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण तिथे वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटण्याचा धोका असतो.

शिरोरेषा जे सांभाळते त्याच्या बाहेर राहतो अनुस्वार. ‘आनंद’ची पाटी मी एकदा घाईने, एकाच हाताच्या सीलरवर लावली. ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं कागदावरून उचलून फळीवर नेणारी चिकटपट्टी) काढताना ‘आ’ बसला, ‘न’ बसला, आणि ‘न’वरचा टिंब टेपबरोबर वर आला. परत दाबला, परत आला. शेवटी टेप मागे दुमडून, जवळजवळ फळीला चिकटवून, टिंबाच्या एका बाजूने नखाने फिल्म धरत इंचाइंचाने काढली तेव्हा तो राहिला. दोन महिन्यांनी गेलाच. तेव्हापासून टिंब मी 5 मिलिमीटरहून लहान ठेवत नाही, आणि जमेल तिथे फाँटमधल्यापेक्षा थोडा मोठा करते. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

साच्यात टिंब ही अडचणच नाही, ते नुसतं भोक असतं. तिथे नाजूक भाग म्हणजे अक्षरांची पोटं. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘ष’ यांच्या आतली बेटं साच्यातून सुटी पडतात. पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या साच्यात त्यांना धरायला पूल ठेवावे लागतात, म्हणून पोत्यांवरची अक्षरं तुटक दिसतात. व्हिनाइलमध्ये बेटं ट्रान्सफर टेपवर आपापल्या जागी बसून येतात आणि पुलांची गरज उरत नाही. फक्त सोलताना ती चुकून काढून टाकू नका. उलट ‘ब’ची तिरकी रेघ सोलायची सहज राहून जाते आणि रंगवल्यावर ‘व’ उरतो.

फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का ते पाहा. अनेक फाँटमध्ये हिंदी वळण आपोआप येतं आणि मराठी रूप मुद्दाम निवडावं लागतं. चिकटवायला मुक्ता किंवा बलू बरे, रेघा एकसारख्या जाड आणि टोकं दणकट. साच्याला मला यात्रा वन आवडतो. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो केलाय, त्यामुळे रंगाने भरला की आपल्या घरी आल्यासारखा दिसतो. तिन्ही मोफत आहेत. आणि कापायला देण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून नाव वाचून घ्या. ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ झालेल्या पाट्या गावोगाव दिसतात. चिकटवलेली चूक हेअर ड्रायरने गरम करून सोलता येते, रंगवलेली तासावी लागते.

रंगवताना काय घडतं

साचा बसवून कडा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने नीट दाबा. मग लगेच रंग लावू नका. आधी खालच्याच पॉलिशचा, किंवा पाण्याच्या रंगहीन वार्निशचा, एक पातळ हात कडांवरून फिरवा. जे काही फिल्मखाली शिरायचं ते रंगहीन शिरतं आणि वाळून वाट बंद करतं. हा एक हात म्हणजे मिशा फुटलेलं अक्षर आणि सुरीने कापल्यासारखं अक्षर यांच्यातला सगळा फरक. नंतर अ‍ॅक्रिलिक रंग स्पंजने, जवळजवळ कोरडा करून, टिपत टिपत लावायचा. ब्रशने ओढलात तर रंग कडेला ढकलला जातो. पातळ दोन-तीन हात पुरतात. शेवटचा हात अगदी कडक व्हायच्या आत साचा मागे दुमडून काढा आणि पोटातली बेटं सुईच्या टोकाने उचला.

साचा निघतो तो क्षण मला अजूनही पहिल्यासारखाच आवडतो. पाइनवर पांढऱ्या रंगात केलेल्या एका पाटीत शिरोरेषेखालून लाकडाच्या रेषा आरपार गेलेल्या दिसत होत्या, जणू अक्षर फळीतूनच उगवलं होतं. चिकटवलेल्या अक्षराला हे कधीच येत नाही.

वेळेत मात्र चिकटवणं सरळ जिंकतं. तयार पॉलिशवर ते अर्ध्या तासाचं काम, आणि साच्याला हात आणि वाळणं धरून दिवस जातो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पन्नास लाकडी डब्यांवर नावं टाकायची असतील तर साच्याचा हट्ट धरू नका. भाड्याच्या घराच्या पाटीलाही चिकटवलेलंच नाव बरं, घर बदललं की फळी राहते आणि नाव बदलतं.

चौरंग आणि पाट यांच्याबाबतीत माझं उत्तर ठाम आहे: रंगवा. गणपतीखालच्या चौरंगावर ‘मोरया’ चिकटवलेलं मी पाहिलंय. दहा दिवसांत तेल, पाणी आणि कुंकू अक्षराच्या कडेला जाऊन बसलं. गोंदाची जी बारीक रेघ कडेबाहेर उघडी असते, तिने कुंकू धरून ठेवलं, आणि पांढऱ्या अक्षराला लाल काठ आला. तो पुसून जात नाही. पोळपाटावर किंवा अन्न लागेल तिथे यातलं काहीच नको.

इतर पर्यायांबद्दल थोडंसं

कपड्यांवर इस्त्रीने लावायचं व्हिनाइल कच्च्या, नीट घासलेल्या लाकडावर चांगलं बसतं, साध्या व्हिनाइलपेक्षा खूप चांगलं. ते उलटं कापावं लागतं आणि पॉलिश केलेल्या फळीवर इस्त्री फिरवू नये. लेझरने कोरलेलं अक्षर सर्वांत टिकाऊ, पण सागावर फिक्या आणि गडद रेषा कमी-जास्त जळतात, एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीवर) ते एकसारखं येतं. ज्यांच्याकडे लेझर आहे ते कधी म्हणतात, व्हिनाइलही त्यावरच कापून देतो. नको म्हणा. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसाला घातक आहे आणि मशीनही गंजवतो.

ठरत नसेल तर

कटिंगवाल्याला सांगा, सोलू नका, कापलेलं तसंच द्या, आणि नावातलं एक अक्षर जास्तीचं कापून घ्या. एकाच कापातून अक्षर आणि त्याचा साचा दोन्ही मिळतात. 631 घ्या, ती दोन्हींना चालते. पाटीच्याच फळीचा उरलेला तुकडा घ्या, त्याला तेच पॉलिश द्या, तितकेच दिवस थांबा. मग एका अर्ध्यावर अक्षर चिकटवा, दुसऱ्या अर्ध्यावर साचा लावून रंगवा. तुकडा पाटी जिथे लागणार आहे तिथेच, दाराशेजारी, आठवडाभर टांगून ठेवा. सकाळच्या उजेडात बघा, रात्री जिन्याच्या दिव्यात बघा, ओल्या फडक्याने पुसा आणि शिरोरेषेच्या टोकावरून नख फिरवून बघा.