वायफायचा पासवर्ड दारावरच्या पाटीवरच होता

मी सांगलीत घरूनच लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. बाहेरच्या खोलीत टेबल, डेस्कटॉप, प्रिंटर. जुलैत दारात चपलांचा ढीग. पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेचे उतारे, सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये असतं. लोक विश्वासाने देतात. म्हणूनच या दुकानाकडून वायफाय आणि कॉम्प्युटर सुरक्षित करून घेतला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. ८०० रुपये घेतले, काम अडीच तास चाललं.

आलेल्या मुलाने आधी राउटरचं पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. ११ नावं! घरात दोन फोन, टीव्ही, डेस्कटॉप आणि प्रिंटर, म्हणजे पाच. "काकू, पासवर्ड काय ठेवलाय?" मी सांगितला. तो उठला, दाराबाहेर जाऊन पाटी बघून आला. 'आयकर विवरणपत्र भरून मिळेल' याच्या खाली लाल रंगात माझा मोबाइल नंबर आहे. कनेक्शन जोडून देणाऱ्याने तोच नंबर पासवर्ड म्हणून टाकला होता आणि मी तीन वर्षं तसाच ठेवला. माझ्या पोटात गोळाच आला.

राउटरमध्ये शिरायचा पासवर्डही मागच्या स्टिकरवर छापलेला तोच, 'अ‍ॅडमिन'. तो बदलणं मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नव्हतं. त्याने समजावलं: तिथे घुसून कोणी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सोय) बदललं, तर बँकेचा पत्ता अगदी बरोबर टाकूनही आपण भलत्याच पानावर पोचू शकतो. दोन्ही नवे पासवर्ड त्याने मलाच टाइप करायला लावले आणि तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. सांगावं लागलं नाही. मला या दुकानाबद्दल भरवसा वाटला तो त्या क्षणी.

मग त्याने डब्ल्यूपीएस बंद केलं. बटण दाबून फोन जोडायची ती सोय मला आवडायची, म्हणून मी कारण विचारलं. त्यात आठ आकडी पिनही असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे तो पिन ओळखायला दहा कोटी नाही, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ सालीच उघड झालं होतं म्हणे. माझा राउटर जुना, त्यात डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) नाही. म्हणून तिच्या आधीच्या डब्ल्यूपीए२ एईएसवर ठेवलं. नवीन राउटर गळ्यात मारायचा प्रयत्न त्याने केला नाही. 'नेटवर्कचं नाव लपवून दे' म्हटलं तर सरळ नाही म्हणाला: नाव लपवल्याने शोधणाऱ्याला काही फरक पडत नाही, उलट आपलाच फोन जाईल तिथे ते नाव पुकारत राहतो.

येणाऱ्या लोकांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण माझा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसत नाहीत. ओटीपीसाठी ज्यांना वायफाय लागतं, त्यांची आता छान सोय झाली आहे.

कॉम्प्युटरमध्ये निघालं ते जास्त भीतीदायक होतं. मागे एका दुरुस्तीवाल्याने (तो वेगळा) दूरून कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप टाकलं होतं. ते कायमचा पासवर्ड लावून तसंच चालू! म्हणजे तो माणूस मला न विचारता केव्हाही आत येऊ शकला असता. ते काढलं. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून विंडोजचा डिफेंडर चालू केला. रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं उघडून दिलं. लोकांचे ई-फायलिंगचे पासवर्ड मी एक्सेलमध्ये ठेवत होते. ते बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये हलवले, आणि एक्सेलची फाइल रिसायकल बिनमधूनही घालवली. बॅकअपची हार्ड डिस्क आता फक्त शनिवारी जोडते, काम झालं की काढून कपाटात.

माझ्याकडे विंडोज १० आहे, त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. माझा आय३ प्रोसेसर सहाव्या पिढीचा, मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे विंडोज ११ला चालत नाही. त्याने ऑक्टोबर २०२६पर्यंतच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून दिली आणि स्पष्ट सांगितलं, "ही तात्पुरती सोय आहे, तोवर मशीनसाठी पैसे बाजूला टाका."

आता तक्रारी. ११ची वेळ देऊन तो २ वाजता आला, मध्ये एक फोन नाही. माझे दोन क्लायंट परत गेले. दुसरं, पासवर्ड बदलल्यावर प्रिंटर पुन्हा न जोडताच गेला. संध्याकाळी फॉर्म छापायला घेतला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी येऊन विनामूल्य जोडून दिला, तरी निघण्यापूर्वी घरातली प्रत्येक वस्तू चालवून बघायला हवी होती. आणि काय काय बदललं याचा कागद दुकानाने आपणहून द्यावा. मला मागून वहीत लिहून घ्यावा लागला.

पाचपैकी चार तारे. बोलवणार असाल तर प्रिंटर आणि टीव्ही आधीच चालू करून ठेवा, आणि तो समोर असतानाच एक पान छापून बघा.